शंभरावं झाड

सकाळचे सहा. ओहायोतली होम्स काउंटी.
डॉर्कस युत्झीबाईंचा चार एकर गोड मका
कमरेच्या वर आलाय, तुरा अजून नाही.
बाह्या कितीही खाली ओढल्या तरी पानांच्या कडा
मनगटावर बारीक सह्या करतातच.

नियम असा: शेतात डब्ल्यू काढत चालायचं,
पाच ठिकाणी थांबायचं, ओळीनं वीस झाडं.
झाड निवडायचं नाही.
हे शेवटचं मला अजून जमत नाही;
मलूल दिसलं की पाय तिकडेच वळतात.

पोंगा दोन बोटांनी उकलायचा,
तान्ह्याचा कान बघावा तसा.
आत रात्रीचं दव, आणि कधी
करवतीखाली पडतो तसला ओला भुसा.
म्हणजे कुणीतरी जेवून गेलंय, किंवा जेवतंय.
पान उलटं करून शिरेलगत बघायचं:
माशाच्या खवल्यांसारखी अंडी, एकावर एक.
काळे ठिपके दिसले, तर उद्या फुटणार.

बाई कुंपणापाशी.
मागे फवाऱ्याच्या गाडीला जुंपलेला घोडा.
शंभरात पंधरा निघाली तर मारायचं, हे कालच ठरलंय.

पहिल्या विसांत दोन.
ओढ्याकडच्या बाजूला पाच.
मग एकही नाही, नुसता एक ढालकिडा,
त्याला मी उगाच नमस्कार केला.
मग चार. मग तीन.
नव्व्याण्णव झाडं, चौदा खुणा.

शंभराव्याच्या पानाला ओळीनं भोकं,
टाचणीनं कागद टोचत जावं तशी.
पोंग्यात भुसा आहे, पण वाळलेला.
अळी नाही.
देठापर्यंत फाडून बघते. नाही.
पाखरानं नेली असेल. खोडात शिरली असेल,
पण खोडाला भोक सापडत नाही.

अळीमिळी गुपचिळी.
लहानपणी तोंडावर बोट ठेवून बसायचो,
जो आधी बोलेल तो हरला.
घोडा कान हलवतो.
झाड काही बोलत नाही.

मी पेन्सिलीनं लिहिते: चौदा, आणि एक शंका.
युत्झीबाई कागद लांब धरून वाचतात.
"शंकेसाठी किती औषध लागतं?" विचारतात,
मला वाटतं चेष्टेनं, पण चेहरा हसत नाही.

आधी त्या घोडा सोडतात.
मग अॅप्रनच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढून
त्या झाडाला सैलसर बांधतात.
"गुरुवारी ये," म्हणतात,
"आणि सुरुवात इथून कर."