एन पन्नास पॉइंट तीन

महापेला सातव्या मजल्यावर माझं काम असं:
समुद्रापलीकडच्या माणसांची दुखणी वाचायची
आणि त्यांना नंबर द्यायचे.
दिवसाला एकशे दहा चार्ट, पंच्याण्णव टक्के अचूक,
त्याखाली गेलं की लीडचा मेल येतो.

नियम सोपा. डॉक्टरनं 'बहुधा' लिहिलं
तर ते कोड करायचं नाही.
शंका, शक्यता, असेल-नसेल,
ओपीडीच्या कागदावर यांना नंबर नाही.
नुसती सूज लिहायची, पुढचा चार्ट उघडायचा.

घणसोलीत आमच्या घरी मात्र
दीड महिना बहुधाच नांदत होतं.
बाबांनी पँट सोडून लुंगी धरली.
खुर्चीत बसताना आधी एक हात, मग बाबा.
विचारलं तर "काय नाय मना"
आणि टीव्हीचा आवाज दोन घरं वर.
आई म्हणाली, गॅस असेल.
मीही म्हणाले, गॅस असेल.

त्या जागेला आमच्या घरात शब्द नाही.
आहेत ते शिवीतले,
नाहीतर दहावीच्या त्या धड्यातले
जो बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता.
मी तेच आठ तास इंग्रजीत टाइप करते, न लाजता,
आणि घरी विचारता येत नाही,
बाबा, कुठे दुखतंय?

शेवटी कंपनीतले एडवर्ड फिटर
त्यांना स्कूटरवर घालून कोपरखैरण्याला घेऊन गेले.
अर्धं त्यांच्याकडून कळलं,
उरलेलं रिपोर्टातून, जो बाबांनी
लाइटबिलांच्या फायलीत दडवला होता.

वृषणाच्या वर, त्याहून वेगळी.
पातळ भिंत. आत स्वच्छ पाणी.
रक्तप्रवाह नाही. चौदा मिलिमीटर,
म्हणजे लहानसं बोर.
आणि खाली, एकही 'बहुधा' न घालता:
साधी गाठ.

ती ओळ मी तीनदा वाचली,
ऑडिटर वाचतो तशी.

रात्री बाबा स्वतःच बोलले, पंख्याकडे बघत.
"दिवा बंद केला त्यानं. टॉर्च लावली.
उजेड आरपार.
रबाळ्याला नाइटला मी टाकीची काच बघायचो ना,
तसाच. लेव्हल दिसली त्याला."
एकतीस वर्षं काचेतून टाकी वाचलेल्या माणसाला
आणखी काय समजावणार?

काढायची?
नाही. दुखली, वाढली तर बघू.
सुईनं ओढलं तर पाणी परत भरतं.
घट्ट चड्डी घाला, सहा महिन्यांनी या.
फी सातशे. उपचार: काही नाही.
हे बाबांना जरा लागलंच.
"सातशे घेऊन काय नाय?"

मग थोड्या वेळानं,
"तुमच्या हापिसात याला नंबर असंल."
आहे, म्हटलं. एन पन्नास पॉइंट तीन.
"डावा का उजवा?"
तो कोड ते विचारतच नाही, बाबा.
डोळ्याला विचारतात, गुडघ्याला विचारतात,
हाताच्या बोटाबोटाला विचारतात.
याला नाही.
तेव्हा दीड महिन्यात पहिल्यांदा
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"बरं हाय," म्हणाले.

टोकन नंबरावर पगार घेतलेला माणूस.
अकराशे सत्तेचाळीस, झोपेतही सांगेल.
आता नळावर आई ओरडते, बादली उचलू नका,
आणि ते तिच्याहून मोठ्यानं,
"अगो, पन्नास पॉइंट तीन हाय,
त्यानं कोन मरत नाय!"

काल यमुनाकाकीनं जिन्यात हात धरला.
कसला नंबर गं तुझ्या बाबाचा? शुगर का?
आणि मी, सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा,
जाणूनबुजून चुकीचं कोड केलं.
हो काकी, म्हटलं, शुगरच.