सकाळी सात, संध्याकाळी सात

सकाळी सातला मी रेडिओची कळ दाबते
आणि एकेका तंबूला हाक मारते.
छावणी चार, ऐकू येतंय का?
नुसती खरखर. मग कुणीतरी घसा खाकरतं,
कालपासून कुणाशी बोललंच नाही तसं.
वारा वायव्येचा, ढग खाली, माणसं तीन, अस्वल एक.
अस्वल गेलं.
मी लिहून घेते. अस्वल गेलं, हेही.

दूर दक्षिणेला, जिथे झाडं असतात,
कुणी टेबलाशी बसून ठरवतं
यंदा बर्फाला किती पैसे, शेवाळाला किती.
अर्ज नोव्हेंबरात, मंजुरी मार्चात,
तोवर कागदी घोडे नाचतात
आणि आमच्या धावपट्टीवर उतरतात
डिझेलची पिंपं होऊन.
नॉर्वेवाल्यांची गिरमिटं, कोरियन बाईंच्या गोठवलेल्या कुप्या,
दोन जपानी पोरं, त्यातल्या एकाला खोकला.
विमान एक, देश पाच.
करार म्हणजे काय, मला विचाराल तर:
तुझी पेटी जरा सरकव, माझीही मावेल.

माझ्या आजोबांनाही सरकारनंच आणलं इथे,
बोटीतून. दोन वर्षांनी परत नेऊ, म्हणाले.
नकाशाच्या रिकाम्या टोकाला
माणसांची टाचणी हवी होती तेव्हा.
सरकारी काम अन् सहा महिने थांब,
आजोबा एकोणतीस वर्षं थांबले.
अजून आहेत, टेकडीमागे, दगडांखाली.
त्याच सरकारचा शिक्का
माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर असतो.
मी चिठ्ठी घडी घालून ठेवते. दुसरं काय करणार?

आयपिलीमामा शिकाऱ्यांच्या समितीत बसतो.
परवानगीच्या कागदावर त्याची सही लागते आता.
गेल्या साली त्यानं विचारलं,
आमचा बर्फ मोजता, मग आम्हाला सांगता का?
यंदा अहवाल आला, आमच्या भाषेत, जाड पुठ्ठ्यात.
पहिल्याच पानावर बर्फाला चुकीचा शब्द.
मामानं पेन्सिलीनं दुरुस्त करून
परत पाठवला. टपाल हशील सरकारी.

काल संध्याकाळी छावणी सात बोलली नाही.
एकदा हाक, दहा मिनिटांनी पुन्हा.
नियम असा की दोन वेळा चुकल्या तर विमान जातं.
धुकं इतकं की हँगर दिसेना,
तरी वैमानिक टेसिए बूट चढवूनच बसला,
समोर चहा, त्यावर साय.
सकाळचे सात व्हायला अख्खी रात्र होती,
आणि रात्र म्हणजे नुसता उजेड.
मी खुर्चीतून उठले नाही.
अडीचला खरखर झाली. एक मुलगी म्हणाली,
बॅटरी गारठली होती, माफ करा,
झोपेच्या पिशवीत घेऊन ऊब दिली तिला.
मागून कुणीतरी हसलं.

वर्षअखेर मंत्रालयाला तक्ता जातो:
उड्डाणांचे तास, पिंपं, छावण्या, खर्च.
छापील रकाने, जागा थोडी.
मी वहीत लिहिलं, छावणी सात, आवाज आला,
टेसिएला बूट काढायला सांगितलं
आणि वारा विचारायचा राहिला म्हणून
पुन्हा कळ दाबली.