शिजलेली बाजू आत

वहीत आजीने लिहिलंय : मैदा, निळ्या कपाने दीड.
निळा कप फुटला, त्यालाही पंचवीस वर्षं झाली.
कानाशी टवका उडालेला, एवढं आठवतं.
त्यात किती मावायचं ते हाताला विचारावं लागतं
आणि माझा हात काही तिचा नाही.

अंडी तीन. एकेक आधी पेल्यात फोडणे.
रक्ताचा ठिपका दिसल्यास टाकणे, हळहळू नये.
‘हळहळू नये’च्या खाली रेघ मारलीय तिने.
महिनाअखेर असावी.

पनीर मात्र विकतचं नाही.
उद्या शाबुओथ, पारा सेहेचाळीसवर,
कूलरच्या टाकीत बादली ओततेय तोवर
दूध आपसूकच फाटायच्या बेतात.
लिंबू नुसतं निमित्ताला.
जुन्या ओढणीत बांधून नळाला टांगलं
तर पखाले काकू दारातूनच :
“काय वं सिम्हा, श्रीखंड करून राहिली काय?”
नाही हो. बिलींज.
“थे काय असते बाप्पा?”

खरं नाव ब्लिन्त्झ.
आजी रेवदंड्याची, नारळाच्या दुधावर वाढलेली,
तिच्या जिभेवर ते नाव कधी बसलंच नाही.
ग्रेटा मॅडमकडून शिकली.
धंतोलीत एका डॉक्टरांच्या आउटहाउसमध्ये राहायच्या त्या,
युद्ध चालू होतं, मुलींना पियानो शिकवायच्या,
आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणारं दुसरं घर
त्यांना शोधत शोधत सापडलं ते
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आमचं.
दोघींत मिळून भाषा किती?
इंग्रजीचे वीसेक शब्द आणि प्रार्थनेची हिब्रू,
जिच्यात तव्याला काय म्हणतात
ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.
म्हणून तव्यापाशीच बोलल्या.

पातळ घोळ. तवा फिरवायचा. कडा सुटल्या
की ओल्या फडक्यावर उलटा आपटायचा. थप्प.
दुसरी बाजू भाजायची नाही.
शिजलेल्या बाजूवर सारण,
मग खालची घडी, डावी, उजवी, आणि गुंडाळत वर.
आजोबा आर.एम.एस.मध्ये, जन्मभर खणांत पत्रं लावलेली.
म्हणायचे, पाकीट झालं, आता तिकीट लाव.
आजी पाकीट लोण्यात सोडायची.

पहिलं फाटलं.
तिचंही फाटायचं, आणि ते उभ्याउभ्या खायचा हक्क माझा होता.
आज मीच फाडलं, मीच उभी राहून खाल्लं.

सारणात साखर, चिमूट मीठ, वाळवलेली संत्र्याची साल.
ग्रेटा मॅडम लिंबाची घालायच्या म्हणे.
संत्रं आजीचं,
मृग बहाराची साल, फेब्रुवारीतच पत्र्यावर वाळवून
बाटलीत भरलेली.

दुपारी अश्दोदहून रिव्काचा फोन :
“अगं, ते आपलं नाहीच मुळी, पोलंडवाल्यांचं ते.
आपला मलिदा. आपल्या सांज्याच्या पुऱ्या.”
खरंय तिचं.
मी बिलींज पलटत राहिले.
इथे प्रार्थनेला दहा माणसं जमत नाहीत,
आपलं कुठलं नि त्यांचं कुठलं
हे निवडत बसायला तरी चार लागतात.
तुझ्याकडे मिळतात का गं?
“दुकानात, गोठवलेले.”
मग जरा थांबून,
“संत्र्याचे नसतात पण.”

आठवं जमलं. नववं त्याहून बरं.
पखाले काकूंनी ओट्याशीच खाल्लं एक.
“गोड हाये. पन आतून आंबट कायले लागते?”
मला सांगता आलं नाही. आणखी एक वाढलं.

रात्री वही उघडली, पेन्सिल घेतली,
‘निळ्या कपाने’ खोडलं नाही,
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं :
पखाल्यांच्या वाटीने दोन, वर थोडा.

मैदा संपला होता म्हणून सकाळी त्यांच्याकडूनच आणला होता.
वाटी परत द्यायचीय.
रिकामी कशी द्यायची,
चार ठेवलेत झाकून.