हातचा एक

मन्सी गावात पारा शून्याखाली गेलाय
आणि माझ्या झोपायच्या खोलीत
कुठल्या तरी दूरच्या जंगलातला उन्हाळा चालू आहे,
महिना चौऱ्याहत्तर डॉलर, फक्त हीटरचे.
बाकीच्या घरात मी स्वेटर घालून फिरते.

दोघं आहेत. पेकन आणि मॅग्स.
शुगर ग्लायडर. दोघांचं मिळून वजन
एका मोठ्या संत्र्याएवढं.
कोरीननं आणली, सहाफुटी पिंजरा इथंच उभा केला,
कारण तिची खोली गारठते.
मग नौदलात गेली. जाताना म्हणाली,
"यांना काही लागत नाही गं आई,
सफरचंदाच्या चार फोडी."

चार फोडींवर कुणी जगत नाही
हे मला, पोर वाढवलेल्या बाईला,
तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हणून ही वही. तिचीच, सातवीतली,
मागच्या पानांवर अजून त्रिकोण आहेत.
डाव्या पानावर मी, उजव्या पानावर ते.
उजवीकडे कॅल्शियमची पूड.
(कमी पडली तर मागचे पाय जातात.
हे वाचलं त्या रात्री मी
माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या मोजल्या.)
जिवंत अळ्या, हजाराचा डबा, फ्रिजमध्ये दह्याशेजारी.
पपई, जानेवारीत, जानेवारीच्या भावानं.
झोपायच्या पिशव्या जुन्या बाथरोबमधून शिवल्या,
तिथं शून्य लिहिलं, जरा मोठंच.
डावीकडे केबल खोडली. केस कापणं खोडलं.
शुक्रवारचा तळलेला मासा खोडला,
मग पुन्हा लिहिला,
कारण अर्लीन तिथं एकटी बसायची.

"एकच ठेव," माझा भाऊ लायल म्हणाला, "खर्च निम्मा."
तसा हिशेब बसत नाही, मी म्हटलं,
एकटं राहिलं तर ते स्वतःचीच शेपटी कुरतडतं.
तो जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहत राहिला,
मग सिंकखाली वाकून
न बिघडलेला नळ दुरुस्त करायला लागला.

माझा गजर साडेचारचा. शाळेची बस.
त्यांची सकाळ दोन वाजता.
भुंकतात. मुठीएवढा जीव, आणि खरोखर भुंकतो.
मी पिंजरा उघडते, लाल दिवा लावते
आणि पडद्याच्या दांडीवरून
पेकन स्वतःला सोडून देतो.
चारही पाय ताणलेले, अंगाचीच चादर झालेली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
हा अंथरुणाकडे बघतही नाही.
त्याच्यावरून जातो,
माझ्यावरून जातो,
आणि कपाटाला चिकटतो, जणू काही झालंच नाही.

त्याची नसबंदी दोनशे दहा डॉलर,
डॉक्टर सत्तर मैलांवर.
ऑक्टोबरात लिहिली, खोडली, भट्टीचा पंखा गेला होता.
नोव्हेंबरात लिहिली, खोडली.
डिसेंबरात लिहिलीच नाही
आणि त्याला बचत म्हटलं.

काल मॅग्स माझ्या शर्टाच्या खिशात झोपली होती.
काढायला बोट घातलं
तर माझ्या खिशात तिचा खिसा
आणि तिच्या खिशात
शेंगदाण्याएवढं काहीतरी, हलणारं.

कोरीनला अजून कळवलं नाही.
तिच्या जहाजावर आत्ता दिवस असेल की रात्र,
हेही मला काढावं लागतं, बोटांवर.

वही उघडली. उजवं पान वरून खाली मिळवलं,
मग खालून वर. दोन्ही वेळा वेगळं आलं.
आता तिथं जागाच नव्हती.
म्हणून डाव्या पानावर, माझ्या पानावर,
खोडलेल्या केसांच्या ओळीखाली
पेन्सिलीनं बारीक लिहिलं,
हातचा एक.

मग बूट शोधले.
बस तापायला वीस मिनिटं लागतात या थंडीत,
आणि पहिला थांबा लांब आहे,
धान्याच्या कोठारापाशी, एकच मुलगा चढतो तिथं,
तरी जावं लागतं.