लिहिताना स दोन

गावात राहणाऱ्याला गाव आडनाव देत नाही.
तिथे तो नुसता ओसबर्ट,
फार तर लंगडा ओसबर्ट, किंवा मेंढ्यांचा.
पाठीवर लोकरीचा गठ्ठा घेऊन
तो डोंगर उतरला, खालच्या पेठेत आला,
तेव्हा कारकुनाने मान वर न करता विचारलं, कुठला?
आणि उत्तर तेवढं लिहून घेतलं: हेसलगिल.
माझ्या भाषेतला असता तर
कर घेता घेता पुढे आणखी एक कर लावून मोकळा झाला असता.

हेसल म्हणजे हेझलचं झुडूप.
गिल म्हणजे घळ, खाली पाणी असलेली.
दोन्ही शब्द उत्तरेकडून होड्यांतून आलेले,
म्हणजे नावातलं गावही मुळात
परक्यांनीच हाक मारून ठेवलेलं.

पुढे कुणा पाद्र्याला सर्दी झाली, त्याने ह खाल्ला.
कुणाची शाई संपत आली होती, त्याने एक स वाचवला.

एडविन हेसलगिल, वय अठ्ठ्याहत्तर,
हॅलिफॅक्सच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा.
गिरणीचे फ्लॅट झाले. तो बिस्किटांच्या डब्यात आकडे साठवतो.
आजोबांच्या वेळच्या शिरगणतीत दोनशे सहा.
चर्चच्या भिंतीवर, युद्धाच्या दगडात, नऊ;
त्यातले तिघे एका आईचे.
यंदाच्या मतदारयाद्यांत, सगळ्या मिळून, एकोणतीस.
दहा लाखांत अर्धा माणूस.
तो अर्धा मीच, असं तो सांगतो
गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून.
मुली दोन. दोघींनी लग्नात दुसरी गावं घेतली.

हेसलगिलला तो एकदाच जाऊन आला.
तीन घरं, फोन नसलेली फोनची लाल खोली.
घरांत अ‍ॅकरॉइड राहतात,
ओक तोडून केलेल्या कुठल्याशा मोकळ्या रानाचं नाव लावून;
ते रान कुठे, त्यांना ठाऊक नाही.
चहा मात्र दिला.
हेझल एकही नव्हतं. मेंढ्या कोंभ राहू देत नाहीत.

आणि परवा, रक्त तपासायच्या रांगेत,
नर्सने पुकारलं: हेसलगिल.
एडविन काठी शोधत उठला.
खिडकीपाशी एक मुलगीही उठली.
एकोणीस-वीसची, घट्ट वेण्या, अंगावर सुपरमार्केटचा गणवेश.
केझाया, ती म्हणाली. केझाया हेसलगिल.

तिची पणजी बार्बाडोसची.
तिथे उसाच्या मळ्यावर कुणी एक मुकादम होता,
त्याच्या वहीत बैलांची यादी संपली की
त्याच पानावर खाली माणसं सुरू व्हायची.
नाव तिथलं.
तिचंही आडनाव गावाचंच,
फक्त तिच्यातलं कुणी त्या गावाहून निघालेलंच नव्हतं.

एडविनने डब्यातला आकडा सांगितला. सवयीने.
एकोणतीस? ती हसली.
आम्हीच एकवीस आहोत. नाताळात ताटं मोजली होती मी.
तिच्या नावात स एकच.
म्हणून ती डब्यात नव्हती,
तिची आई नव्हती, लीड्सचे काका नव्हते,
परवा जन्मलेलं ते बाळ तर कुठेच नव्हतं.

नर्स म्हणाली, दोघांतलं कोण आधी?
कुठले, असं तिने विचारलं नाही.
मुलीने हाताने म्हाताऱ्याला पुढे केलं
आणि पाठीमागून सहज विचारलं,
ते गाव खरंच आहे? बस जाते?

मंगळवारी आणि शनिवारी, एडविन म्हणाला,
बाही वर सरकवत.
पाटी दिसली की उतरायचं.

पाटीवर स किती आहेत?

सुई आत गेली तरी तो आठवत होता.
पाटीखाली उभा राहून फोटो काढलेला,
टोपी हातात, वारा खूप.
स मात्र काही केल्या दिसेना.