दहापर्यंत

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल.
बर्फाच्या पेट्या भिंतीला सरकवलेल्या,
मधल्या टेबलावर बाहुला, गळ्याला भोक.
आम्ही सातजणी आणि टाकळ्यांचा विनेश.

होडेकर सिस्टर म्हणाल्या, नळी खुणेपर्यंतच.
आत जाताना ओढायचं नाही,
बाहेर येताना ओढायचं,
दहा मोजायच्या आत बाहेर.
घड्याळ नको. स्वतःचा श्वास धरा,
तुम्हाला जड झालं
की त्याला कधीच झालेलं असतं.

बाहुल्यावर सगळे पास.
बाहुला खोकत नाही.

तिसऱ्या दिवशी रिक्षातून तन्मेष आला,
बापाच्या खांद्यावरून खुर्चीत.
एकोणीस वर्षांचा. ओठांवर नुकतीच मिशी.
पहिला नंबर माझा.
वीस वर्षं कालवं फोडलेला हात,
शिंपला कुठे सैल होतो ते अंधारात कळणारा,
हातमोज्यात नुसता घामेजला.

नळी उचलली. सिस्टरनी मनगट धरलं.
‘आधी विचार त्याला.’
बोलत नाही ना तो?
‘तू बोलतेस ना?’

विचारलं. त्याने पापणी मिटली,
सावकाश. म्हणजे हो.

चार, पाच,
आणि लाइट गेली.
मशीन गप्प. बंदरावरच्या होडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं,
आणि त्याच्या गळ्यातली घरघर.
नळी बाहेर. विनेशने पायाचा पंप सरकवला,
कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला.
‘तन्मेष, परत एकदा घालू?’
हे सिस्टर बोलल्या नव्हत्या.
मी बोलले होते.

आता भाकरी तव्यावर टाकली
की श्वास धरून बघते.
सातलाच सुटतो.