मीठ राहिलं

शनिवारी सहा नंबरची बस चुकली
ती दिलनवोझ उकडलेली अंडी विसरली म्हणून.
ती चार जिने परत वर गेली
आणि मी थांब्यावर उभी,
सोमवारी द्यायचा अर्धा आलेख डोक्यात वागवत.
अंडी आली. मीठ राहिलं.

त्रिएस्तेच्या टोकाला, पार पाण्यात पाय सोडून बसलेला
तो पांढरा किल्ला.
तिकिटाचा हिशेब मी मराठीत केला, तिनं उझबेकमध्ये,
उत्तर एकच आलं : चार दिवसांची भाजी.
तरी गेलो आत.

निळ्या भिंतींच्या दालनात खुर्चीवर बसलेली राखणदार बाई
स्वतःहून म्हणाली, या किल्ल्यात जो झोपतो
तो परदेशात मरतो, अशी जुनी समजूत आहे.
नेमकी तेव्हाच दिलनवोझला जांभई.
मी कोपरानं ढोसलं.
‘आपण तर आधीच परदेशात आहोत,’ ती म्हणाली,
‘मग घरी जाऊन झोपलं तरी धोका तेवढाच.’
बाई हसली. मी हसले नाही लगेच.
कुठलं घर म्हणाली ती, ते विचारायचं राहून गेलं.

रात्री दिवा मालवल्यावर पलीकडच्या पलंगावरून :
‘झोपलीस?’
‘नाही.’
‘मीही नाही.’
खाली कुणीतरी बाटल्यांची पेटी ओढत नेत होतं.

रविवारी तिला समुद्र हवा होता. लांबून नाही, अंगाला.
तिच्या देशाला समुद्र नाही,
शेजारच्या एकाही देशाला नाही.
दोन सरहद्दी ओलांडल्याशिवाय लाट दिसत नाही, म्हणाली,
जणू काही हा तिच्याच खानदानाचा दोष.

बंदराजवळच्या जुन्या स्नानकिनाऱ्यावर
मधोमध एक भिंत आहे, चुना फासलेली,
गोट्यांतून निघून थेट पाण्यात शिरलेली.
अलीकडे बायका, पलीकडे पुरुष.
अलीकडे सत्तरीच्या, ऐंशीच्या म्हाताऱ्या
पाठीला तेल चोळत, पत्ते पिसत,
पोटं उन्हात मोकळी सोडून,
कुणाच्याही बापाला न भिता.

त्यातल्या नीवेस आजींनी आम्हाला चटईचा कोपरा दिला.
बाराच्या सुमारास भिंतीपलीकडून हाक आली,
‘नीवेस! माझा चष्मा!’
‘माझ्या पिशवीत!’
‘मग मी वाचू काय?’
‘वाचू नकोस! पोह!’
पन्नास वर्षं हेच, त्या आम्हाला म्हणाल्या,
सकाळी बरोबर यायचं, दारात वेगळं व्हायचं,
संध्याकाळी बरोबर जायचं.
‘लग्न टिकलं ते या भिंतीमुळे, पोरींनो,’
आणि चष्मा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही.

मी वेंगुर्ल्याची. समुद्र आमच्या मागच्या दारी.
पण आत शिरायचं ते गणपती बुडवायला,
तेही भावांनी.
आम्ही काठावर चपला सांभाळायच्या.
बावीस वर्षांत घोट्याच्या वर पाणी आलं नाही
आणि ही सात समुद्रांपलीकडची कोरडी मुलगी
कपड्यांनिशी सरळ चालत सुटली,
कमरेपर्यंत, छातीपर्यंत,
मग किंचाळली. मी धावले.
थंडीनं नाही, आनंदानं नाही.
‘खारट आहे!’ ती ओरडत होती. ‘खरंच खारट आहे!’
जसं इतकी वर्षं तिला वाटत होतं
पुस्तकांतून लोक थापा मारतात.

तेव्हा लक्षात आलं, माझ्या कमरेला पाणी लागलंय
आणि चपला कुठे काढल्या ते आठवत नाहीये.

कालचं एक अंडं उरलं होतं.
तिनं ते सोललं, लाटेत बुचकळलं,
अर्धं मला दिलं.
किंचित वाळू होती त्यात.
नीवेस आजी दुरूनच ओरडल्या,
त्यांच्या बोलीतलं काहीतरी, शिवी असावी,
पलीकडून म्हातारा विचारू लागला, काय झालं, काय झालं,
आणि चष्म्याशिवायही त्याला भिंतीपलीकडचं
काही दिसलं नसतंच, तरी त्या त्याला
सगळं सांगत राहिल्या, हातवारे करून.

आलेख सोमवारी पहाटे पुरा केला.
वहीच्या पानाला दोन ठिकाणी मीठ फुललं होतं.
सरांनी तिथे बोट फिरवलं,
हा बिंदू कसला, म्हणाले.